मांजर सारखं ओरडतंय, मागेमागे फिरतंय? या चुका टाळा

आधी एक करा, "लाडावलंय मेलं" हे म्हणून विषय संपवणं सोडा. मोठी मांजरं एकमेकांशी म्याव म्याव फारशी करतच नाहीत, पिल्लं आईला हाका मारतात तेवढंच, बाकी बराचसा आवाज आपल्या माणसांसाठी असतो आणि कुठल्या आवाजाला हा माणूस उठतो हे ते आपल्याकडूनच शिकतं.

आता आपल्याकडचंच बघा ना. बांगडे आले, विळी घेऊन कोणी मागच्या पडवीत बसलं की मनी हजर. पायात घुटमळणार, बोंबलणार, आणि एकदाची गप बसावी म्हणून एक डोकं तिच्यापुढे टाकलं जातं. झालं, धडा पक्का! मग नुसती विळी आडवी केली, भले नारळ खवायला का असेना, हिचा भोंगा सुरू. पावसात मासेमारी बंद असते तेव्हा तर विचारूच नका. मासा द्यायला हरकत नाही (खारवलेलं सुकट नको आणि कालवणातला तर नकोच, कांदा लसूण मांजराला विषारी), पण सगळं साफ करून, विळी धुवून ठेवल्यावर, शिजवून, काटे काढून, ती गप बसलेली असताना तिच्या वाटीत.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे कधी द्यायचं कधी नाही. पहाटे साडेचारला ती मच्छरदाणी नखाने ओढते, तुम्ही काही दिवस उशी डोक्यावर घेऊन पडून राहता आणि मग एक दिवस वैतागून उठून खाऊ टाकता, तिला काय कळलं तर अजून जोर लावला की मिळतं. मटक्याचा आकडा कधीतरी लागतो म्हणूनच माणूस लावत बसतो ना, तसंच. त्यामुळे नाही द्यायचं ठरलं तर घरातल्या सगळ्यांनी, आजीसकट, नाही द्यायचं. आणि हे लक्षात ठेवा की दुर्लक्ष सुरू केलं की ओरडणं आधी वाढतं, मग कमी होतं, नेमके वाढल्यावरच लोक हार मानतात. ओरडू नका, पाणीही मारू नका. ओरडणं हे तिच्या हिशोबात लक्ष देणंच आहे, आणि पाण्याने ती फक्त तुम्हाला घाबरायला शिकते.

पण नुसतं दुर्लक्ष करूनही भागत नाही. जुलैत धो धो पाऊस, परड्यात फिरणं बंद, दिवसभर घरात झोपलेलं मांजर रात्री काय करणार? झोपायच्या आधी दहा मिनिटं खेळवा, माडाच्या हिराला दोरी आणि एखादं पीस बांधलं तरी पुरतं, शिकार झाल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि लगेच जेवण. खाऊन, अंग चाटून ते आपोआप झोपतं. दोरी मात्र खेळून झाली की उचलून ठेवा, गिळली तर आतडं अडकतं.

आता जी चूक महागात पडते ती. बोका सारखा कोपऱ्यात जाऊन बसतोय, जोर करतोय, लघवी होत नाहीये किंवा थेंब थेंब होतेय, तिथेच चाटतोय आणि ओरडतोय, तर ते नखरे नाहीत. लघवी तुंबली की एक दोन दिवसात जीवावर बेततं. सकाळी बघू म्हणू नका, जवळचा जनावरांचा डॉक्टर गाठा. घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, मांजराला ती मारते.

मादी जमिनीवर लोळतेय, मागचा भाग वर करून रात्रभर गळा काढतेय तर ती माजावर आहे, लक्ष बिक्ष काही नको असतं तिला. उपाय एकच, ऑपरेशन. आणि दहा वर्षांच्या पुढची मांजर अचानक रात्री ओरडायला लागली, खातेय भरपूर पण वाळत चाललीय, तर थायरॉईड असू शकतो, किडनी आणि बीपीही तपासून घ्या. जाताना ओरडतानाचा व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या, कारण दवाखान्यातल्या टेबलावर ठेवलं की तीच भवानी हूं की चूं करत नाही.