मोडेमवर दोन संगणक जोडताना काय आपोआप जुळतं आणि काय आपण जुळवायचं

ठाण्यात वागळे इस्टेटच्या ऑफिसात एक पीसी, महाप्याच्या शेडमध्ये एक डेटा लॉगर (आकडे नोंदवून ठेवणारं यंत्र), मध्ये दोन मोडेम आणि तांब्याची टेलिफोन लाइन. फोन लागतो, शिट्ट्या वाजतात, ‘कनेक्ट’ येतं आणि पडद्यावर कचरा उमटतो. अशा वेळी पहिला आळ लाइनवर जातो. लाइन खराब असू शकते, पावसाळ्यात तर असतेच. पण ‘कनेक्ट’नंतर दर वेळी एकाच धाटणीचा कचरा येत असेल, तर लाइन बहुधा निर्दोष आहे आणि घोटाळा सेटिंगचा आहे.

‘सेटिंग जुळणं’ ही एकच गोष्ट नाही. इकडचा पीसी आणि इकडचा मोडेम, मोडेम आणि मोडेम, तिकडचा मोडेम आणि तिकडचा लॉगर, असे तीन वेगवेगळे व्यवहार आहेत. मधला व्यवहार मोडेम आपसात मिटवतात. कडेच्या दोघांचं एकमेकांशी काही ठरत नाही, आणि पॅरिटी (चूक पकडायला अक्षराला जोडलेला जादा बिट) तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जशीच्या तशी जाते. म्हणून कडेचे वेग बांधून टाका, मधला वेग मोडेमवर सोडा आणि पॅरिटी ओळखायचं काम उत्तर देणाऱ्या प्रोग्रामला द्या. पुढचं सगळं या एका वाक्याचा तपशील आहे.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे आणि शेवटी एंटर.)

आधी केबल

पीसी ते मोडेम सरळ केबल लागते: नऊ पिनांच्या दोन्ही टोकांना १ ला १, २ ला २. पीसी ते पीसी जोडायची उलटी, म्हणजे नल मोडेम केबल इथे चालत नाही; तिने मोडेम ‘ओके’सुद्धा म्हणणार नाही. दुसरा सापळा तीन तारांच्या केबलचा. २, ३ आणि ५ एवढ्या तीन पिनांवर आज्ञा चालतात, छोटा डेटाही जातो, आणि मोठी फाइल सुरू झाली की मधले बाइट गळायला लागतात. कारण ‘जरा थांब’ हा निरोप (फ्लो कंट्रोल) ७ आणि ८ या पिनांवरून जातो. कॅरिअर (समोरच्या मोडेमचा सूर) आहे की नाही हे १ वर कळतं, फोन ठेवायला लावणारी तार, डीटीआर, ४ वर असते. केबल नऊच्या नऊ तारांची घ्या आणि मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासा. पाकिटावरच्या वर्णनावर विसंबू नका.

‘एटी’ याच दोन अक्षरांनी आज्ञा का सुरू होते

मोडेम तुमचा वेग विचारत नाही, मोजतो. ‘ए’ हे अक्षर तारेवर येताना आधी स्टार्ट बिट (अक्षर सुरू झाल्याची खूण) ० असतो आणि लगेच पुढचा बिट १. म्हणजे तार नेमकी एका बिटापुरती खाली जाते. तेवढा काळ मोजला की वेग कळला: ९६०० ला (म्हणजे सेकंदाला ९६०० बिट) सुमारे १०४ मायक्रोसेकंद, १२०० ला ८३३.

पॅरिटी दोन्ही अक्षरं मिळून कळते. ‘ए’मध्ये दोन बिट १ असतात, ‘टी’मध्ये तीन. एकात सम, एकात विषम. सात बिट इव्हन (सम) पॅरिटी असेल तर ‘ए’चा आठवा बिट ० आणि ‘टी’चा १ येतो, ऑड (विषम) असेल तर बरोबर उलट. दोन्हीकडे ० आला तर आठ बिट, पॅरिटी नाही. धाकट्या लिपीतही (स्मॉल अक्षरांत) हे जमतं, पण तिथे ‘ए’त तीन आणि ‘टी’त चार बिट भरतात, म्हणजे हिशोब उलटा होतो. एक अक्षर मोठं आणि एक धाकटं लिहिलं की मोडेम गप्प बसतो, त्याचं कारण हेच.

ही मोजणी सोयीची असली तरी उत्तर देणाऱ्या बाजूला तीच गोत्यात आणते. मोडेम शेवटच्या ‘एटी’चा वेग लक्षात ठेवतो आणि ‘रिंग’, ‘कनेक्ट’ हे संदेश त्याच वेगाने पाठवतो. शेडमधली वीज जाऊन आली की ती आठवण पुसली जाते, आणि लॉगर एका वेगाने ऐकत असताना मोडेम दुसऱ्याने बोलतो. म्हणून तिथे वेग बांधायचा: एटी+आयपीआर=५७६००. (+आयपीआर=० म्हणजे पुन्हा आपोआप मोजणी.) लॉगरमध्ये सोळा बाइटचा बफर (तात्पुरती साठवण) नसलेली जुनी सिरियल चिप असेल तर १९२०० वर थांबा, त्यापुढे बाइट गळतात.

दोन्ही मोडेमची मांडणी

आधी एटी&एफ म्हणजे कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर परत. मग रॉकवेल कंपनीच्या चिपवर चालणाऱ्या मोडेमसाठी:

एटी&सी१&डी२&के३\एन३
एटीएस०=१एस७=६०एस१०=५०
एटी&डब्ल्यू

&सी१ ने कॅरिअरची तार खरं सांगते. &डी२ ने प्रोग्रामने डीटीआर सोडला की फोन ठेवला जातो. &के३ म्हणजे तारेवरचा फ्लो कंट्रोल. \एन३ म्हणजे जमलं तर एरर करेक्शन, नाही जमलं तर त्याशिवाय. एस०=१ फक्त उत्तर देणाऱ्या मोडेमला द्या; ऑफिसातल्या मोडेमला दिलंत तर तो प्रत्येक फोन स्वतःच उचलेल. एस७ ही कॅरिअरची वाट पाहायची मुदत सेकंदांत, एस१० ही कॅरिअर गेल्यावर फोन ठेवण्याआधीची मुदत सेकंदाच्या दहाव्या भागांत. तिचा मूळ आकडा बहुधा १४ असतो, म्हणजे दीड सेकंदही नाही. कॉल वेटिंगच्या एका टोनने जोडणी तुटते ती यामुळे.

दुसऱ्या कंपनीच्या मोडेमला हीच अक्षरं डोळे मिटून देऊ नका. यूएस रोबोटिक्समध्ये &के कॉम्प्रेशनसाठी आहे, फ्लो कंट्रोलला &एच१&आर२ लागतं आणि पोर्टचा (पीसी-मोडेम जोडणीचा) वेग बांधायला &बी१. तीच अक्षरं त्याच्याकडे वेगळ्या अर्थाने असली तरी मोडेम ‘ओके’ म्हणतो, हीच पंचाईत.

फ्लो कंट्रोल कोणताही मोडेम आपोआप जुळवत नाही. मोडेममध्ये आणि पीसीच्या प्रोग्राममध्ये, दोन्हीकडे हाताने एकच लावायचा.

शिट्ट्यांमध्ये काय ठरतं

उत्तर देणारा मोडेम २१०० हर्ट्‌झचा सूर लावतो. व्ही.८ (‘व्ही’ची ही नावं मोडेमच्या आंतरराष्ट्रीय मानकांची) वापरणाऱ्या मोडेमच्या सुरात १५ हर्ट्‌झचा हेलकावा असतो. त्यावरून समोरच्याला कळतं की आता क्षमतांच्या याद्यांची देवाणघेवाण करता येईल. दोघांना येणारी सगळ्यात वरची पद्धत निवडली जाते. हेलकावा नसेल तर जुन्या क्रमाने खाली उतरत जायचं: व्ही.३२बिसचे १४४००, व्ही.२२बिसचे २४००. दोन्हीकडे साधी लाइन असेल तर ३३६०० ही कमाल. खोक्यावरचे ५६००० फक्त एक बाजू डिजिटल असेल तेव्हाचे.

मधला वेग मोडेमवर सोडा म्हटलं तरी त्याला छत घालावं लागतं. वाईट लाइनवर मोडेम ३१२०० ला जुळतो आणि दर मिनिटाला पुन्हा वाटाघाटीला बसतो. १४४०० वर तीच लाइन तासभर टिकते. एटी+एमएस=व्ही३४,१,२४००,१४४०० यात पद्धत, खाली उतरायची मुभा, किमान वेग आणि कमाल वेग असा क्रम आहे. लॉगरच्या चार आकड्यांना १४४०० म्हणजे चैन आहे.

त्यानंतर व्ही.४२ ची, म्हणजे एरर करेक्शनच्या मानकाची, चाचणी. फोन करणारा मोडेम १७ आणि १४५ हे बाइट आलटून पालटून पाठवतो (एकच अक्षर, दोन पॅरिटींत) आणि उत्तराची वाट पाहतो. मुदत साधारण पाऊण सेकंद. समोरच्याला व्ही.४२ येत नसेल तर हे बाइट त्याच्या संगणकापर्यंत पोचतात. ‘कनेक्ट’नंतरच्या पहिल्या कचऱ्याचा उगम बऱ्याचदा इथे असतो. त्यात १७ म्हणजेच एक्सऑन (‘पुन्हा पाठव’ सांगणारं अक्षर), त्यामुळे सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल लावलेला प्रोग्राम आणखी बिथरतो.

उत्तर देणाऱ्या प्रोग्रामने काय करायचं

पोर्ट आठ बिट, पॅरिटी नाही, असा उघडा. सात बिटांचा उघडलात तर ज्या आठव्या बिटावरून पॅरिटी ओळखायची तोच हातातून जातो. ‘कनेक्ट’ आल्यावर एक सेकंद जे येईल ते फेकून द्या. मग समोरच्याने मोठ्या लिपीतला ‘ए’ आणि एंटर पाठवायचा. ‘एटी’चीच युक्ती, फक्त ‘टी’च्या जागी एंटर, कारण एंटरमध्येही तीन बिट १ असतात. दशमान आकड्यांत:

६५ आणि १३ आले तर आठ बिट, पॅरिटी नाही.
६५ आणि १४१ आले तर सात बिट, इव्हन.
१९३ आणि १३ आले तर सात बिट, ऑड.

नुसत्या एंटरवर निर्णय घेऊ नका. १३ हा पॅरिटी नसतानाही येतो आणि ऑड असतानाही. ओळख पटली की पोर्ट त्या पॅरिटीने पुन्हा लावा आणि मगच पहिली ओळ पाठवा.

एरर करेक्शन नसलेल्या थेट मोडमध्ये (\एन१) आणखी एक काम वाढतं. तिथे मोडेममध्ये बफर नसतो, म्हणून लाइन २४०० ला जुळली की पोर्टही २४०० वर येतो. ‘कनेक्ट २४००’ हा संदेश वाचून प्रोग्रामने वेग बदलायचा. संदेश बंद असतील किंवा हुकले असतील तर पोर्ट ९६०० वर ठेवून एंटरची वाट पाहा आणि पहिल्या बाइटवरून वेग ओळखा. १३ किंवा १४१ म्हणजे ९६००, २३० म्हणजे ४८००, १२० म्हणजे २४००, १२८ म्हणजे १२००. एंटरचा प्रत्येक बिट दुप्पट, चौपट, आठपट लांब झाला की हेच आकडे पडतात. कागदावर बिट मांडून बघा. ७२०० किंवा १४४०० या हिशोबात बसत नाहीत, तिथे ‘कनेक्ट’ संदेशच वाचावा लागतो.

लिनक्सवर या वेळी इनपीसीके (पोर्टवर येणाऱ्या अक्षरांची चूक-तपासणी) बंद ठेवा. १२० च्या वेळी स्टॉप बिट चुकलेला दिसतो, आणि ती तपासणी चालू असेल तर हातात शून्य पडतं. वेग ठरल्यावर ५० मिलिसेकंद थांबून बफर रिकामा करा, कारण संथ एंटरचे उरलेले तुकडे मागून येतच असतात. मग पुन्हा ‘ए’ आणि एंटर मागवून पॅरिटी ठरवा.

दहा सेकंदांत ओळख पटली नाही तर डीटीआर सोडून फोन ठेवा. कॅरिअर गेल्यावर पोर्ट परत मूळ वेगावर आणि आठ बिटांवर आणायला विसरू नका. हे राहिलं की पहिला फोन छान चालतो आणि दुसऱ्यापासून कचरा सुरू होतो.

मॉडबस असेल तर

या औद्योगिक पट्ट्यातल्या पुष्कळ मीटरांवर आणि पीएलसींवर (यंत्रं चालवणाऱ्या नियंत्रकांवर) मॉडबस आरटीयू, म्हणजे उपकरणांनी आपसात बोलायची एक ठरलेली पद्धत, असतो. त्याचं ठरलेलं रूप आठ बिट, इव्हन पॅरिटी: स्टार्ट आणि स्टॉप धरून अकरा बिट. बरेच मोडेम दहाच बिट नेतात. आठ बिट पॅरिटीशिवाय, किंवा सात बिट पॅरिटीसह, हे दोन्ही दहात बसतात. अकरावा बसत नाही. म्हणून दोन्ही टोकांना पॅरिटी काढून एक स्टॉप बिट ठेवा.

एवढं करूनही उत्तर अर्धवट आलं तर कारण वेगळं आहे. आरटीयूमध्ये साडेतीन अक्षरांची शांतता म्हणजे निरोप संपला. ९६०० ला ही जेमतेम ४ मिलिसेकंद भरते. व्ही.४२ डेटाचे तुकडे करून पाठवतो आणि दोन तुकड्यांत याहून मोठी फट सहज पडते. मीटरला वाटतं निरोप संपला. \एन० देऊन एरर करेक्शन बंद करता येतं, पण मग लाइनवरचा खरा आवाजही आत येतो. मीटरमध्ये मॉडबस आस्की असेल तर तोच लावा: सात बिट इव्हन, दहा बिटांत बसतो, आणि दोन अक्षरांमध्ये एक सेकंदापर्यंतची फट चालवून घेतो. थोडा संथ आहे, पण मोडेमसाठी हाच बरा.

आपल्याकडच्या लाइनी

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही ०२२ मध्ये, म्हणून नुसता आठ आकडी नंबर पुरतो. ईपीएबीएक्समधून (ऑफिसातल्या अंतर्गत एक्स्चेंजमधून) जात असेल तर बाहेरच्या लाइनचा आकडा, स्वल्पविराम, मग नंबर. एका स्वल्पविरामाला सहसा दोन सेकंद. आपला डायल टोन ४०० हर्ट्‌झचा, २५ हर्ट्‌झने थरथरणारा. अमेरिकेसाठी बनवलेला मोडेम तो ओळखत नाही आणि ‘नो डायलटोन’ म्हणून मोकळा होतो. एटी+जीसीआय=५३ ने देश भारत लावा; ते नसेल तर एटीएक्स३, म्हणजे टोनची वाट न पाहता डायल.

त्याच लाइनवर ब्रॉडबँड असेल तर मोडेमच्या आधी फिल्टर हवाच. फोन फायबरच्या डब्यातून येत असेल तर आवाजाची पाकिटं होतात आणि एखादं हरवलं तरी कॅरिअर डळमळतो; तिथे छत ९६०० किंवा त्याखाली ठेवा. पावसात डीपी बॉक्समध्ये (टेलिफोनच्या तारा वाटणाऱ्या पेटीत) ओल शिरली की फोनवर खरखर ऐकू येते. रिसीव्हर कानाला लावून एक आकडा दाबा, टोन गेल्यावरच्या शांततेत ऐका. तिथे खरखर असेल तर सेटिंगला हात लावू नका, आधी जॉइंट दुरुस्त करून घ्या.

चाचणी

सगळं लावल्यावर मुद्दाम वेगवेगळ्या सेटिंगने फोन करा. एकदा आठ बिट, एकदा सात इव्हन, एकदा सात ऑड. प्रत्येक प्रकारे लागोपाठ दोनदा. मग जोडणी चालू असताना फोनची तार उपटा आणि एका मिनिटाने पुन्हा लावून फोन करा. शेवटी शेडमधल्या मोडेमचा वीजपुरवठा बंद करून चालू करा आणि कोणालाही ‘एटी’ टाइप करू न देता बाहेरून फोन लावा. पहिल्या रिंगला उचलला गेला आणि ‘ए’-एंटरला नीट ओळ आली, तरच &डब्ल्यू ने खरोखर काही जतन झालं आहे.