एअर रायफलचं झिरोइंग: आधी ग्रुप, मग स्क्रू

नवी एअर रायफल हातात आली की बहुतेक जण एक गोळी मारतात, ती डावीकडे लागली की लगेच साइटचा, म्हणजे ज्यातून नेम धरतात त्या भागाचा, स्क्रू फिरवतात. दुसरी उजवीकडे लागते, स्क्रू उलटा. मी अख्खी एक दुपार अशी घालवली आहे. संध्याकाळी टार्गेटची चाळणी झाली होती आणि साइट सकाळपेक्षा वाईट होती. दोष रायफलचा नव्हता. प्रत्येक वेळी मी वेगळ्या तऱ्हेने उभा राहत होतो आणि त्याचं खापर स्क्रूवर फोडत होतो.

झिरोइंग म्हणजे तुम्ही जिथे नेम धरता तिथेच गोळी लागेल अशी साइट बसवणं. इथे आपण १० मीटरवरच्या ४.५ मिमी एअर रायफलबद्दल बोलू.

जागेपासून सुरुवात करा. टार्गेटच्या मागे पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, अडवणारा ट्रॅप हवा. तिरकी पोलादी पट्टी असलेला तयार ट्रॅप उत्तम, कारण पेलेट तिच्यावर आपटून खाली पडतं. सरळ उभ्या पोलादी पत्र्यावर किंवा विटांच्या भिंतीवर मारलेलं पेलेट उलट तुमच्याकडे येऊ शकतं. ट्रॅप चुकला तरी पेलेट अडेल अशी भिंत त्याच्या मागे असू द्या. नेमाच्या वाटेत उघडणारं दार असेल तर त्याला आतून कडी घाला, कारण कोण कधी डोकावेल सांगता येत नाही. डोळ्यांना चष्मा लावा. नळीचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेला आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. टार्गेट बदलायला कुणी पुढे जाणार असेल, तर रायफल रिकामी करून खाली ठेवायची आणि तो परत येईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. पेलेट बहुधा शिशाची असतात, म्हणून नेमबाजी करताना खाऊ नका आणि नंतर साबणाने हात धुवा.

आता पेलेट. १० मीटरसाठी सपाट तोंडाची वापरतात, ती कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. डबा उघडल्यावर थोडी पेलेट तळहातावर घेऊन उजेडात पाहा. मागची पातळ कड चेपलेली असेल तर ते पेलेट बाजूला काढा. डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे दिसतात. तो पेलेटच्या डोक्याचा व्यास. एकाच्या रायफलला मानवणारा आकार दुसऱ्याच्या रायफलला मानवेलच असं नाही. दोन-तीन प्रकार आणून प्रत्येकाची पाच-पाच मारून पाहा, जो सगळ्यात घट्ट ग्रुप, म्हणजे एकमेकांजवळ पडलेल्या भोकांचा पुंजका, देईल तो घ्या आणि झिरोइंग त्याच्यावरच करा. डबा बदलला की झिरो पुन्हा तपासावा लागतो.

यानंतर खरी मेहनत, म्हणजे ग्रुप. पहिली पाच पेलेट मारताना साइटला हात लावायचा नाही. रायफल टेकवून मारा, पण रायफल कोणत्या प्रकारची आहे ते आधी बघा. दाबलेल्या हवेची टाकी असलेल्या रायफलला जवळजवळ धक्काच नसतो, ती मऊ पिशवीवर निवांत ठेवता येते. स्प्रिंगच्या रायफलचं तसं नाही. तिच्यात जड पिस्टन पुढे झेपावतो आणि पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हललेली असते. ती कडक टेबलावर टेकवली किंवा आवळून धरली, तर दर वेळी वेगळी उडी मारते. म्हणून पिशवीवर आपला तळहात ठेवायचा, त्या तळहातावर रायफल नुसती ठेवायची आणि हवी तशी हलू द्यायची. पटणार नाही, पण सैल धरल्यावर ग्रुप आवळतो. स्प्रिंगची रायफल पेलेट न घालता कधीही चालवू नका, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळून खराब होतो. नळी खाली वाकवून भरायची रायफल असेल तर पेलेट घालताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवा, नाहीतर बोटं सापडतील.

नेम धरल्यावर डोळे मिटा, एक श्वास घ्या आणि उघडा. साइट टार्गेटवरून सरकलेली दिसली, तर रायफल हाताने ढकलून जागेवर आणू नका. बसण्याची जागा किंवा पिशवी सरकवा. ढकललेली रायफल ट्रिगर दाबताक्षणी आपल्या जागी परत जाते. श्वास थोडा सोडून थांबा, सहा-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. सुटल्यावरही सेकंदभर नजर साइटमधून काढू नका.

पाच भोकं एका रुपयाखाली झाकली जातील इतपत जवळ आली, की पुढे जा. सगळीकडे विखुरली असतील तर साइटचं काहीही करून उपयोग नाही. एखादं भोक लांब गेलं आणि ती गोळी सुटताना आपण हललो हे आठवत असेल, तर ते मोजू नका. मात्र मनाला नको असलेलं प्रत्येक भोक ‘हललो’ म्हणून वगळायची सवयही लावून घेऊ नका.

आता पट्टी घ्या. ग्रुपचा अंदाजे मध्य पेन्सिलने ठिपका देऊन नोंदवा आणि टार्गेटच्या मध्यापासून तो किती आडवा, किती उभा आहे ते मोजा. स्पर्धेच्या टार्गेटवर शेजारच्या दोन कड्यांमध्ये २.५ मिमी अंतर असतं, त्यामुळे पट्टी नसली तरी भागतं. दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिमीचा असतो, पेलेटच्या भोकापेक्षा कितीतरी लहान. तेव्हा तो झाकला गेला नाही म्हणून पहिल्याच दिवशी खंत नको.

मागची साइट ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला गोळी जाते. स्क्रूवरच्या बाणाचा अर्थ मात्र प्रत्येक बनावटीत सारखा नसतो, म्हणून अंदाजाने ठरवू नका. आडव्या स्क्रूला मोजून दहा क्लिक (फिरवताना हाताला जाणवणारे टप्पे) द्या आणि परत पाच मारा. समजा ग्रुप ३ मिमी उजवीकडे सरकला आणि अजून ६ मिमी जायचा आहे, तर आणखी वीस क्लिक. उलट्या दिशेला गेला तर तेही कळलं. एका क्लिकला किती सरकतं तो आकडा वहीत लिहून ठेवा, तो पुढे नेहमी लागतो. आडवं जमल्यावरच उभ्या स्क्रूला हात घाला. दोन्ही एकदम फिरवले की कशाने काय झालं ते कळत नाही.

झिरो जमल्यावरही गोळ्या उजवीकडे आणि किंचित खाली जायला लागल्या, तर साइटआधी रायफल पाहा. ती उजवीकडे कलंडलेली असेल. उजेडही फसवतो. एका बाजूने ऊन आलं की डोळ्याला साइटचा मध्य वेगळा भासतो, म्हणून ज्या उजेडात सराव करणार त्याच उजेडात झिरो करा.

शेवटी टेकू काढून उभ्याने दहा मारा. ग्रुप मोठा होईलच. त्याचा मध्य टार्गेटच्या मध्यावर असेल, तर स्क्रूड्रायव्हर पेटीत ठेवून द्या.