‘मुलाला शेवटचं कधी भेटलात?’ : कासा स्वयंसेवकांची सुपरवायझर म्हणून काम कसं करावं

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी माझ्या प्रत्येक स्वयंसेवकाला फोन करते आणि पहिला प्रश्न तोच विचारते: मुलाला शेवटचं कधी भेटलात? ‘मागच्या आठवड्यात, बहुतेक’ हे उत्तर मी वहीत उतरवत नाही. तारीख, ठिकाण, किती वेळ, आणि खोलीत आणखी कोण होतं, एवढं कळलं की मगच पुढचं बोलणं.

अमेरिकेत छळामुळे किंवा हेळसांडीमुळे घरापासून दूर ठेवलेल्या मुलांसाठी कोर्ट स्वयंसेवक नेमतं. त्यांना कासा (Court Appointed Special Advocate) म्हणतात. मी चार वर्षं स्वतः कासा होते आणि गेली नऊ वर्षं इतर कासांची सुपरवायझर आहे. ओळखीच्या दोघी मराठी मैत्रिणी यंदा हेच काम सुरू करताहेत. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्याने जे सांगत होते, ते इथे एकत्र लिहिते आहे. मुलांचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हे काम सुरू झालं ते 1977 साली, सिअ‍ॅटलमध्ये. न्यायाधीश डेव्हिड सूकप यांच्यापुढे मुलांच्या केसेस यायच्या आणि मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवण्याइतकी माहिती त्यांच्या हातात नसायची. म्हणून त्यांनी साध्या नागरिकांना प्रशिक्षण देऊन मुलाच्या वतीने कोर्टात उभं केलं. म्हणजे न्यायाधीशांना माहिती हवी होती. मतं तर आधीच भरपूर होती: आईच्या वकिलाचं, सरकारी वकिलाचं, बालकल्याण विभागातर्फे मुलाची केस सांभाळणाऱ्या केसवर्करचं. स्वयंसेवकाने त्यात आपलं आणखी एक मत घातलं तर मुलाच्या पदरात काही पडत नाही. त्यामुळे सुपरवायझरचं मुख्य काम एकच आहे असं मी मानते: स्वयंसेवकाने पाहिलेलं आणि त्याला वाटलेलं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकवणं.

हे बोलायला सोपं वाटतं, पण त्याला वर्षं लागतात. एका नव्या बाईंनी पहिल्या अहवालाच्या मसुद्यात लिहिलं होतं: ‘आईचं घर अस्वच्छ आहे आणि भेटीच्या वेळी ती बेफिकीर वाटली.’ मी त्यांना विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? सिंकमध्ये चार ताटल्या, सोफ्यावर कपड्यांचा ढीग. कपडे धुतलेले होते की मळके? आठवेना. बेफिकीर कशावरून? भेटीत दोनदा फोन घेतला. कोणाचा फोन होता? विचारलं नव्हतं. पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं. कामावरच्या मॅनेजरचा होता, कोर्टाने ठरवलेल्या भेटीसाठी त्या आईने शिफ्ट बदलून घेतली होती आणि तिचा मेळ बसत नव्हता. कपडे लॉन्ड्रोमॅटमधून नुकतेच आणलेले होते. अहवालातलं ते वाक्य गेलं आणि त्या जागी तीन आली: आईने गेल्या आठ आठवड्यांतल्या आठही भेटी पाळल्या, त्यासाठी कामाच्या वेळा बदलल्या, भेटीत मुलाला जेवू घातलं. न्यायाधीशांनी पुढे काय ठरवायचं ते या वाक्यांवर ठरवता येतं.

आपल्या मंडळींशी इथे थोडं स्पष्ट बोलते. आपण टापटीप, अभ्यास आणि ‘चांगलं घर’ यांच्या मापाने माणसं मोजत वाढलो आहोत. मुलाला तात्पुरतं सांभाळणाऱ्या फॉस्टर कुटुंबाचं दोन मजली घर, मुलाला स्वतंत्र खोली, पियानोचा क्लास हे सगळं पाहिलं की मूल इथेच राहावं असं आपल्याला आपोआप वाटू लागतं. कोर्टापुढचा प्रश्न मात्र हे मूल आपल्या आईवडिलांकडे सुरक्षित राहू शकेल का, हा असतो. बहुतेक केसेसमध्ये पहिलं उद्दिष्ट मुलाला घरी परत नेणं हेच असतं. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. एका खोलीत तीन मुलं झोपतात म्हणून घर असुरक्षित ठरत नाही. आपल्यापैकी किती जण तसेच झोपून मोठे झालो, हे मी मराठी स्वयंसेवकांना आठवून बघायला सांगते.

म्हणूनच मुलाखत घेताना मी एक प्रश्न चुकवत नाही: एखाद्या माणसाबद्दलचं तुमचं मत चुकलं होतं, हे शेवटचं कधी लक्षात आलं? ज्यांना एकही प्रसंग आठवत नाही, त्यांना मी पुढच्या फेरीला घेत नाही. पार्श्वभूमीची तपासणी आणि शिफारसपत्रं हवीतच, त्यात सूट नाही. नंतर 30 तासांचं प्रशिक्षण, आणि पुढे दरवर्षी किमान 12 तास. पण प्रशिक्षणाने मन मोकळं होत नाही, ते माणसाने घेऊन यावं लागतं.

आता अहवाल. इथे मी स्वतः केलेली चूक सांगते, कारण नवा सुपरवायझर ती हमखास करतो. पहिल्या वर्षी एका स्वयंसेविकेचा अहवाल मला विस्कळीत वाटला. वेळ कमी होता, म्हणून रात्री बसून मीच तो नीट लिहून काढला. सुनावणीत न्यायाधीशांनी त्यातल्या एका वाक्याबद्दल तिला प्रश्न विचारला. ते वाक्य माझं होतं, तिला त्याचा आधार सांगता येईना. ती गप्प उभी राहिली आणि त्या दिवशी मुलाच्या बाजूचं म्हणणं पातळ झालं. तेव्हापासून मी एकही वाक्य बदलत नाही. समासात फक्त प्रश्न लिहिते: हे कोणी सांगितलं? कधी? तुम्ही स्वतः पाहिलं का? कागद कुठे आहे? तीनदा परत पाठवावा लागला तरी चालेल, पण कोर्टात जाणारा प्रत्येक शब्द स्वयंसेवकाला तोंडाने समजावून सांगता आला पाहिजे. त्यासाठी मसुदा हातात लवकर यायला हवा. मी सुनावणीच्या तीन आठवडे आधी मागते.

शिफारस कशी लिहावी हेही शिकवावं लागतं. ‘मुलीच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावं’ या वाक्याने कुणीही जागचं हलत नाही. कोणी, काय, कधीपर्यंत, एवढं त्यात हवं. दुसरीतल्या एका मुलीच्या फाइलमध्ये प्रत्येकाने लिहिलं होतं: वाचनात मागे. तिचा स्वयंसेवक शाळेत गेला, वर्गात मागे बसला आणि त्याच्या लक्षात आलं की ती फळ्याकडे बघतच नाही, शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवते. विचारत विचारत उलगडा झाला. तिला चष्मा होता, तो दोन घरांपूर्वीच राहिला होता. जुन्या फॉस्टर आईला चष्मा माहीत होता पण वाचन माहीत नव्हतं, शिक्षिकेला वाचन माहीत होतं पण चष्मा नाही, आणि केसवर्कर मध्येच बदलली होती. शिफारस एका ओळीची झाली: विभागाने 30 दिवसांत डोळ्यांची तपासणी करून चष्मा द्यावा. माझ्या दृष्टीने कासा असतो तो याच्यासाठी. त्या सगळ्या मोठ्या माणसांमध्ये एकाच मुलाच्या मागे चिकाटीने फिरणारा तो एकटाच असतो, आणि कोर्टाच्या आदेशामुळे शाळा, दवाखाना, समुपदेशक यांची दारं त्याला उघडतात. तो आदेश सोबत ठेवायला सांगा.

मुलाची इच्छा आणि मुलाचं हित यांत फरक पडतो तेव्हा स्वयंसेवक सगळ्यात जास्त गोंधळतात. नऊ वर्षांचा मुलगा म्हणतो, मला आईकडे जायचंय. स्वयंसेवकाला ते अजून सुरक्षित वाटत नाही, आणि मग तो मुलाचं वाक्यच गाळतो. हे होऊ देऊ नका. मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत, आधी लिहायचं. त्याखाली आपली शिफारस आणि तिची कारणं. मुलाला प्रत्यक्ष भेटून सांगायचं की तुझं म्हणणं मी न्यायाधीशांपर्यंत पोहोचवलं आहे, आणि माझं मत वेगळं का आहे. हे सांगताना मोठ्या माणसांचे आवाज बसतात. मी आधी फोनवर त्यांच्याकडून ते दोनदा म्हणवून घेते.

कायद्याचं थोडंतरी ज्ञान सुपरवायझरने स्वतःकडे ठेवावं, वकिलावर टाकून देऊ नये. 1997 च्या कायद्याने घड्याळ लावलेलं आहे: मूल फॉस्टर केअरमध्ये आल्यापासून साधारण 12 महिन्यांत कायमस्वरूपी व्यवस्थेची सुनावणी, आणि मागच्या 22 महिन्यांपैकी 15 महिने फॉस्टर केअरमध्ये राहिलं तर, काही अपवाद सोडून, पालकत्व संपवण्याचा अर्ज राज्याने करायचा. माझ्या वहीत प्रत्येक मुलापुढे या दोन तारखा लाल शाईने लिहिलेल्या असतात, कारण आईला व्यसनमुक्ती केंद्रात जागा मिळायलाच चार महिने लागले तर ते चारही महिने याच घड्याळातून जातात. भावंडं वेगळी ठेवली असतील तर 2008 चा कायदा काढा. त्यांना एकत्र ठेवायचा वाजवी प्रयत्न, आणि जमत नसेल तर त्यांच्या नियमित भेटी, ही विभागाची जबाबदारी आहे. घर बदललं म्हणून शाळा बदलायलाच हवी असं नाही, हे 2015 पासून केंद्रीय शिक्षण कायद्यातच आहे. आणि आईवडिलांपैकी कोणी मूळ अमेरिकन जमातीचं आहे का, हे पहिल्याच महिन्यात विचारायला लावा. 1978 च्या इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्टनुसार अशा मुलाला शक्यतो नातेवाइकांकडे किंवा जमातीतच ठेवायचं असतं, आणि सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये तो कायदा कायम ठेवला.

मर्यादा पाळायला लावणं हा या कामातला सगळ्यात नकोसा भाग. मुलाला घरी राहायला न्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, मोठ्या भेटवस्तू नाहीत, त्याचा फोटो कुठेही टाकायचा नाही. थंडीत मुलाकडे कोट नाही हे पाहून स्वयंसेवकाचा जीव तुटतो आणि तो दुकानात जायला निघतो. मी त्याला थांबवते. आधी केसवर्करला लेखी कळवा, कपड्यांसाठी मिळणारा भत्ता कुठे गेला ते विचारा, आणि शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर तिच्या वरिष्ठांना मी स्वतः फोन करते. आपण गुपचूप कोट घेतला तर कागदावर सगळं ठीक दिसतं आणि पुढच्या हिवाळ्यात ते मूल पुन्हा तसंच कुडकुडतं.

मुलाने छळाबद्दल काही सांगितलं तर खोदून विचारायचं नाही. ऐकायचं, त्याच्याच शब्दांत टिपायचं आणि त्याच दिवशी बालसंरक्षणाच्या हॉटलाइनला कळवायचं. त्यानंतर मला. हा क्रम मी प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून देते, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही.

पूर्णवेळ सुपरवायझरकडे 30 पेक्षा जास्त स्वयंसेवक देऊ नयेत, असा राष्ट्रीय मापदंड आहे. वरून एकतिसावा आला तर नाही म्हणा. 30 माणसांना दर महिन्याला खरंखुरं ऐकून घेणं हेच शरीराला पुरतं. एखाद्याची प्रत्यक्ष भेट 30 दिवसांच्या वर लांबली तर मी रागावत नाही, पण त्याच आठवड्यात समोरासमोर बसते. बहुतेकदा कारण थकवा असतं: मुलाने काहीतरी सांगितलेलं असतं आणि पुन्हा तिथे जाण्याची भीती बसलेली असते. ते बोलून बाहेर पडलं तर माणूस परत उभा राहतो. नाही राहिला तर केस काढून घ्यावी लागते. तेव्हा त्याला मुलाचा नीट निरोप घ्यायला लावा, अचानक गायब होऊ देऊ नका. त्या मुलाच्या आयुष्यातून माणसं आधीच पुष्कळ वेळा न सांगता गेलेली असतात.

केस बंद झाली, मूल घरी गेलं किंवा दत्तक गेलं, की टिपणं आणि फाइल ऑफिसात जमा करून घ्या. फोनमधले मेसेज आणि फोटोसुद्धा. आणि लगेच दुसरी केस देऊ नका, स्वयंसेवक कितीही तयार म्हणाला तरी. मी सहा आठवडे थांबते. मग फोन करून आधी त्याची झोप, घरचं, कामाचं विचारते. नव्या मुलाबद्दल त्या फोनवर चारच गोष्टी सांगते: वय, भावंडं किती, घर किती मैलांवर, पुढची सुनावणी कधी. एवढ्यावर ‘विचार करून सांगतो’ म्हणाला तर त्याला आठवडा देते.