खान्देशात राहून रोजचं होल फूड प्लांट बेस्ड जेवण कसं जमवायचं: सुरुवात दळणापासून करा

होल फूड प्लांट बेस्ड म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो. शेतात, झाडावर, वेलीवर जे पिकतं ते जमेल तितकं अख्खं खायचं. धान्य, कडधान्य, डाळी, पालेभाज्या, फळं, शेंगदाणे, तीळ. दूध, दही, तूप, अंडी, मटण बंद, आणि त्याच्या जोडीला मैदा, साखर आणि घाण्यातून काढलेलं तेल पण जवळपास बंद. हे शेवटचं बरेच लोक विसरतात. तेलात पोहणारी शेवभाजी आणि मैद्याचा पाव यात दूध नसतं, व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेलं, म्हणून चालून जाईल, पण आपण ज्याबद्दल बोलतोय त्यात ते बसत नाही.

नेटवर शोधलं की किनोआ, बदामाचं दूध, टोफू असलं काहीतरी समोर येतं आणि माणूस तिथेच हात टेकतो, खर्च बघून. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसाने त्या नादी लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे दादर ज्वारी आहे, नवापूरची तूरडाळ आहे, भरताचं वांगं आहे, रावेर-यावलची केळी आहेत, आणि यातली तूरडाळ, वांगं आणि केळी या तिघांना २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. बदलायचं आहे ते तेल, शेव आणि दूध. बाकी ताट बऱ्यापैकी तयार आहे.

आधी दळण बदला

काय सोडायचं याची यादी करत बसू नका, गिरणीत काय न्यायचं ते ठरवा. कळणा करा. चार किलो ज्वारी, एक किलो सालीसकट अख्खे उडीद, मूठभर मेथीदाणे आणि चवीपुरतं खडे मीठ, हे एकत्र दळून आणायचं. काही घरी ज्वारीच्या जागी बाजरी घेतात, तेही छान. यात फायदा असा की ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा घटक कमी पडतो आणि तो उडदात भरपूर असतो, त्यामुळे एकाच भाकरीत दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. उडदामुळे पीठाला चिकटपणा पण येतो म्हणून नवशिक्याच्या हाताला सुद्धा भाकरी जमते. मात्र दळण थोडं थोडं आणा, पीठ जुनं झालं की विरी म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकरी कडेने फाटते, मग गरम पाण्यात मळून बघा.

गव्हाची पोळी एकदम बंद करायची गरज नाही. कोंड्यासकट पीठ आणि वरून तेल-तूप नाही, एवढं पाळलं तर पुरे. रात्री कळणा, दुपारी पोळी अशी सुरुवात बहुतेक घरात चालते कारण डब्यात भाकरी कडक होते म्हणून पोरं कटकट करतात.

मग तर्री काढा, चव ठेवा

हा खरा अवघड भाग आहे आणि इथेच लोक सोडून देतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या रश्श्याची चव तेलात आहे असं वाटतं पण ती बरीचशी भाजलेल्या मसाल्यात असते. कांदा सालीसकट थेट गॅसवर किंवा चुलीवर काळा होईपर्यंत भाजा, सुकं खोबरं कोरडंच भाजा, लसूण, आलं, थोडे तीळ, कोथिंबीर, आणि हे सगळं पाट्यावर नाहीतर मिक्सरमध्ये एकदम बारीक वाटा. कढई चांगली तापली की वाटण टाका आणि चिकटायला लागलं की चमचाभर पाणी, परत हलवा, परत चिकटलं की परत चमचाभर, असं दहा मिनिटं तरी करायचं. घाई करून एकदम पाणी ओतलं तर कांद्याचा कच्चा वास राहतो आणि मग सगळे म्हणतात बिनतेलाची भाजी आजाऱ्याची लागते. वाटण गडद झालं की काळा मसाला, मिरची पावडर घालून लगेच गरम पाणी घाला, कारण कोरड्या कढईत मसाला पटकन जळतो. खोबरं आणि तीळ स्वतःचं तेल सोडतात त्यामुळे वर हलकासा तवंग येतोच.

या रश्श्यात शेवेच्या ऐवजी मोड आलेले मठ (मटकी), काळे हरभरे किंवा वाटाणे टाका. पातोड्या पण चालतात, त्या तळायच्या नाहीतच, बेसन घट्ट मळून उकळत्या रश्श्यात सोडायच्या.

एक टेबलस्पून तेलात साधारण १२० कॅलरी असतात, आणि शेवभाजीत माणशी किती चमचे जातात ते ज्याने एकदा करताना बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको.

भरीत तर निम्मं झालेलंच असतं. वांग्याला चिरा देऊन लसूण खोचा, कपाशीच्या काड्यांवर भाजता आलं तर उत्तमच, नाहीतर गॅस आहे. हिरव्या मिरच्या तेलात तळतात त्याऐवजी वांग्यासोबतच विस्तवावर भाजून घ्या, शेंगदाणे कोरडे भाजा, पातीचा कांदा बारीक चिरा, आणि हे सगळं मुसळाने ठेचा. मिक्सर लावू नका, त्याचा लगदा होतो. चंपाषष्ठीनंतर वांगं चांगलं यायला लागतं, त्या दोन-तीन महिन्यात आठवड्यातून दोनदा भरीत-कळण्याची भाकरी खाल्ली तरी कंटाळा येत नाही.

रोज एक डाळ आणि एक कडधान्य

मठ, मूग, चवळी, हरभरे, जे असेल ते रात्री भिजवायचं, सकाळी पाणी फेकून फडक्यात बांधायचं. ज्यांना सवय नाही त्यांनी पहिल्याच आठवड्यात वाट्या भरभरून उसळ खाऊ नये, पोट फुगतं आणि दोष उगाच कडधान्याला जातो. अर्ध्या वाटीपासून हळूहळू वाढवा, ओवा-हिंग घाला.

माझी आवडती गोष्ट म्हणजे फुणके. तूरडाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात लसूण, मिरची, पातीचा कांदा, कोथिंबीर, मीठ घालून मुटके वळायचे आणि वाफवायचे. मूळचाच वाफेवरचा पदार्थ, वरून तेल घेतात तेवढं फक्त सोडायचं. सोबत कढी पाहिजे आणि कढीला दही पाहिजे, तर तेही शेंगदाण्याचं होतं. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवा, साली काढा, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळा, मंद आचेवर सतत हलवत उकळी आणा, कोमट झालं की आठ-दहा हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून झाकून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर लागतं, थंडीत रात्रभर उबेला ठेवावं लागतं. पहिलं दही पातळ आणि थोडं तिखटसर होतं, ते विरजणाला वापरा, दुसऱ्या वेळचं छान. कढी करताना बेसन लावा आणि खळखळ उकळू नका, हे दही लवकर फाटतं. गाळलेला चोथा भाकरीच्या पिठात जातो, फेकू नका.

भाज्या, फळं, चहा

आठवडे बाजारात जे ढिगाने असेल तेच घ्या. मेथी, पोकळा, आंबाडी, गिलके, गंगाफळ, शेवग्याच्या शेंगा. पालेभाजी रोज एक. बाजरी आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला वरून लिंबू पिळा किंवा हिवाळ्यात आवळा खा, आणि चहा जेवणाला चिकटून घेऊ नका, तासभर अंतर ठेवा. दुधाचा चहा सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, लिंबाचा किंवा गवती चहाचा काढा करून बघा. कॅल्शियमसाठी तिळाची चटणी आणि नाचणी, आणि जवसाची चटणी मात्र बारीक कुटूनच, अख्खे जवस पोटातून तसेच निघून जातात. गोड खावंसं वाटलं तर केळं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे.

बी-१२ ची गोळी, इथे वाद नको

ही गोष्ट मी हात जोडून सांगतो. व्हिटॅमिन बी-१२ भाजीपाल्यातून भरवशाने मिळत नाही. रोजची गरज फार थोडी असते, दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण ती बाहेरूनच द्यावी लागते. यकृतात साठा असतो त्यामुळे वर्ष-दोन वर्ष काही जाणवत नाही आणि माणसाला वाटतं मला गरजच नाही, मग हातापायाला मुंग्या, थकवा, जीभ लाल होणं हे सुरू होतं, आणि फार उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येतंच असं नाही. सुरुवातीलाच रक्त तपासा आणि डॉक्टरला विचारून गोळी चालू करा. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या पावडरीवर अवलंबून राहू नका.

शुगरची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर जेवण बदलण्याआधी डॉक्टरला सांगा, कारण बऱ्याच वेळा डोस कमी करावा लागतो आणि तो आपल्या मनाने कमी करायचा नसतो. किडनीचा त्रास, गरोदरपण, लहान मुलं, इथे पण आधी विचारा.

लग्नकार्य आणि पाहुणे

वरण-बट्टीच्या पंगतीत बसायचं आणि आपलं पथ्य सांगत राहायचं हे कुणालाच आवडत नाही. वाढणाऱ्याला हळूच सांगा, भाऊ तूप नको, वरण बिनतुपाचं वाढ, वांग्याची भाजी तर्री बाजूला करून दे. बट्टी तळलेली असते, एखादी घ्या नाहीतर भातावर भागवा. घरच्या मोठ्या माणसांना एकदम सगळं सोडायला लावू नका, आईच्या ताटात तूप राहू द्या, फक्त स्वयंपाक बिनतेलाचा एकच करा आणि ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. असं केलं की दोन वेगळ्या भाज्या करायच्या भानगडीत घरातली बाई पिचत नाही, आणि माझ्या बघण्यात जिथे जिथे हे जेवण टिकलं तिथे स्वयंपाक एकच होता.