कळी फोडून बघा, मग दुकानात जा

नमस्कार मंडळी. सातारा-सांगलीकडची फुलं म्हटलं की बाहेरच्यांना कासचं पठार आठवतं, पण ते ऑगस्ट-सप्टेंबरचं काम. दारात चार झाडं असणाऱ्याचा खरा हंगाम आत्ता, माघ सरता सरता. डोंगराला पळस आणि काटेसावर फुलली की इकडं दारातला आंबा मोहोरतो, शेवगा पांढरा होतो, लिंबूच्या झाडाला कळी लागते, देवचाफा पानं टाकून फुलावर येतो, गुलाब भरात असतो आणि मोगऱ्याला नवी फूट निघते. सगळं एकदम. आणि मग आपण काय करतो, तर फोटो काढतो, स्टेटसला ठेवतो, आणि कळीच्या आत काय चाललंय ते कुणी बघत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाकीचं सगळं खाली लिहिलंय पण ते नाही वाचलं तरी चालेल. उद्या सकाळी चहाच्या आधी एक कोरा पांढरा कागद घ्या, पोरांच्या वहीतला चालतो, तो मोहोराच्या तुऱ्याखाली धरा आणि तुरा दोन-तीनदा हातानं झटका. मग गुलाबाच्या फुलाखाली धरा, झटका. मग मोगऱ्याची, जास्वंदीची एखादी संशयास्पद कळी तोडून नखानं उभी फोडा. दहा मिनिटांचं काम आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

कागदावर काय दिसतं ते सांगतो. पहिल्यांदा वाटतं नुसता पराग पडलाय. जरा थांबा. त्या पिवळ्या धुळीतलं काहीतरी चालायला लागतं, एक-दोन मिलिमीटरचं, सुईच्या टोकाएवढं, फिकट पिवळं किंवा तपकिरी, लांबट. ते थ्रिप्स, म्हणजे आपले फुलकिडे. आंब्याखाली मोहोर हलवला आणि पाचरीच्या आकाराचे करडे किडे तिरके उड्या मारत सुटले तर ते तुडतुडे, जास्त झाले की पानांवर आपटताना टपटप आवाज येतो, तो आवाज आला म्हणजे तुम्हाला आधीच उशीर झालाय. मोगऱ्याची कळी जांभळट पडलेली असेल, तिला बारीक भोक असेल आणि फोडल्यावर आत भुसा आणि हिरवट अळी निघाली तर ती कळी पोखरणारी अळी. बायका म्हणतात यंदा मोगरा जांभळाच येतोय, जात बदलली का काय. जात कशाला बदलंल, अळी आहे आत.

आता हे मी इतकं का धरून बसलोय. आमच्याकडं कऱ्हाड-वाळवा पट्ट्यात बांधावर आणि घराच्या मागं केशर आंब्याची चार-दहा झाडं बऱ्याच जणांची आहेत. जानेवारीत मोहोर असा येतो की पान दिसत नाही. माणूस खूश, व्यापाऱ्याशी बोलणी सुरू. मग फेब्रुवारीत दोन दिवस आभाळ येतं, वारा पडतो, आणि आठवड्याभरात खालच्या पानांवर चिकट चकाकी दिसते, तुडतुड्यांनी रस पिऊन सोडलेला चिकटा तो. त्यावर काळी बुरशी धरते, मोहोर काळा पडतो, हात लावला की झडतो. त्यावेळी पंप काढतात. त्यावेळी फवारून काय मिळतं तर बिल. असं मी पंचवीस वर्षं जुन्या झाडांवर बघितलंय आणि दारातल्या कुंडीतल्या गुलाबावरही बघितलंय. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना विचारा, फुलोऱ्यात थ्रिप्स सुटले की मण्यावर डाग राहतो तो शेवटपर्यंत जात नाही. आटपाडी-जतच्या डाळिंबवाल्यांचंही तेच रडगाणं. ते लोक आता भिंग घेऊन फिरतात. परसातला माणूस मात्र फुल करपलं की पाणी वाढवतो.

आभाळ आलं तर

इथं जरा घाई करा. या दिवसात पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा. कोरडं ऊन वाढलं की थ्रिप्स वाढतात, आभाळ आणि सकाळचं धुकं आलं की भुरी आणि तुडतुडे वाढतात, म्हणजे तुम्हाला सुट्टी कुठंच नाही. मोहोरावर पिठासारखी पांढरी बुरशी दिसली ती भुरी. हवामान खात्याचा अंदाज बघाच, पण माझा स्वतःचा एक अंदाज आहे, तो कुठल्या पुस्तकात सापडणार नाही: पश्चिमेकडनं दमट वारा येऊन संध्याकाळी पडला आणि रात्री उकडलं, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिकटा दिसतो. आणि खोडावरनं मुंग्यांची रांग वर चढताना दिसली तर वर मावा (कोवळ्या शेंड्याला दाटीनं चिकटणारे बारीक मऊ किडे) किंवा पिठ्या ढेकूण (अंगावर पांढरं पीठ असलेले किडे) आहेच असं समजून शेंडा तपासा, हा अंदाज फारसा चुकत नाही कारण मुंग्या त्या चिकट्यासाठीच चढतात. लग्न असू दे, यात्रा असू दे, आभाळ आलं की कागद घेऊन झाडाखाली जायचं.

काय मारायचं, किती मारायचं

कागदावर दोन-चार किडे दिसले म्हणून पंप उचलू नका. झाडावर लाल पाठीचे ठिपकेवाले ढालकिडे फिरतायत का बघा, ते मावा खातात, त्यांची काळी काटेरी अळी बघून लोक घाबरतात आणि तीच आधी मारतात. तिला राहू द्या.

किडे बरेच असतील तर पहिल्यांदा साधं पाणी. कुंडीतल्या गुलाबावरचा मावा पाइपच्या जोरदार फवाऱ्यानं सकाळी धुऊन काढला की अर्धं काम होतं, पैसे शून्य. मग निंबोळी अर्क, ५ टक्के: ५० ग्रॅम निंबोळीची पूड एका लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी फडक्यानं गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा टाका आणि ऊन उतरल्यावर फवारा. दुपारी मारू नका, उन्हात त्यातला अंश लवकर मोडतो. निंबोळ्या घरच्या असतील तर बरंच, आपल्याकडं पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली सडा पडतो आणि लोक झाडून टाकतात, ती गोळा करून सावलीत वाळवून ठेवायची असती. नसतील तर अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतला कीड मारणारा अंश, १०,००० पीपीएमचं विकत मिळतं, लिटरला २ ते ३ मिली. मावा-पिठ्या ढेकणासाठी लेकॅनिसिलियम लेकॅनी ही जैविक बुरशी, लिटरला ५ ग्रॅम, तीसुद्धा संध्याकाळी, आणि तिच्यात बुरशीनाशक मिसळायचं नाही, नाहीतर विकत घेतलेली बुरशी आपणच मारली.

भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, १० लिटरला २० ग्रॅम. स्वस्त आहे, म्हणून दुकानदार पुढं करत नाही. पण पारा ३५ च्या वर असेल तर गंधक नको, पानं भाजतात, आणि निमतेल मारलं असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्या. आंब्यावर भुरी फारच असेल तर हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक ५ टक्के, १० लिटरला ५ मिली. तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड हे रासायनिक कीटकनाशक १७.८ टक्के, १० लिटरला ३ मिली ही शिफारशीतली मात्रा आहे, पण ती मोहोर फुटायच्या वेळची, फुलं उमलायच्या आधीची. फुलं उमलल्यावर नाही म्हणजे नाही.

कारण माशा. आंब्याला फळ धरतं ते माशा आणि मधमाश्यांमुळं, आणि भर फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं की किडीबरोबर त्याही जातात, मग मोहोर हिरवागार दिसतो आणि कैरी धरत नाही. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरजवळ मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आणि आपण इकडं सकाळी नऊ वाजता, ऐन माशा फिरायच्या वेळेला फवारतोय. कढीपत्ता आणि शेवग्यावर तर रासायनिक काहीच नको, आज फवारलं आणि उद्या आमटीत पडलं असं होतं.

दुकानातल्या बाटल्या

एका ओळखीच्या काकूंचा गुलाब. कळ्या येतात, कडा तपकिरी होतात, उमलायच्या आधी वाळतात. त्या फोटो घेऊन दुकानात गेल्या. दुकानदारानं कळी बघायला मागितली नाही, फोटो नीट बघितला नाही, काउंटरवर तीन बाटल्या ठेवल्या: एक टॉनिक, एक फुलं वाढवायचं, एक "सगळ्यावर चालतं". किंमत ऐकून मला वाटलं एवढ्यात चार नवीन कलमं आली असती. मी कळी फोडली, पाकळ्यांच्या तळाशी थ्रिप्स वळवळत होते. तीन बाटल्यांतल्या दोन त्यांच्या काहीच उपयोगाच्या नव्हत्या आणि तिसरीवर घटक काय आहे ते धड लिहिलेलंच नव्हतं. किडलेल्या कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाकल्या, निंबोळी अर्काचे दोन हात दिले, बुडातली माती हलवली कारण थ्रिप्सची कोषावस्था मातीत असती. पुढच्या फुटीची फुलं बरी आली. सगळी नाही, पण देवाला वाहण्यासारखी.

टॉनिकनं कीड मरत नाही एवढं लक्षात ठेवा. उलट नायट्रोजन जास्त झाला की कोवळी लुसलुशीत फूट येते आणि मावा तिथंच जमतो. दुकानात गेलाच तर घटकाचं नाव आणि टक्के वाचा, मुदत बघा, पक्कं बिल मागा. डब्यावरचा त्रिकोण बघा, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, असलं काही घरात, लेकरंबाळं फिरतात त्या अंगणात आणू नका. बिल द्यायला कुरकुर केली तर तिथनं निघा.

बाकीची नेहमीची कामं

मोगरा
– छाटणी राहिली असेल तर आत्ता, लगेच
– आधी पाणी तोडून ताण, मग हलकी छाटणी, जुनी पानं काढणं
– खांदून शेणखत, मग भरपूर पाणी
– जांभळ्या कळ्या रोज वेचून नष्ट करणं

गुलाब
– सुकलेली फुलं दोन पानांखाली कापणं
– वाळलेली फांदी हिरव्या भागापर्यंत कापून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप)
– कात्री पुसून पुढच्या झाडाला

लिंबू, अनंत
– पाणी थोडं पण नेमानं
– कळी असताना कुंडी हलवू नये
– खोडाला चिकटून पाणी साठू नये

शेवगा
– फुलात पाणी बेतानं, जास्त दिलं की फुल गळतं

झेंडू, शेवंती
– संपलेली झाडं उपटून बाहेर, कीड तिथनंच पुढं जाते

सगळ्यांना
– बुडात पालापाचोळ्याचं आच्छादन, पण थ्रिप्स असतील तिथं आधी माती हलवून
– पिवळे आणि निळे चिकट सापळे, निळे थ्रिप्ससाठी
– पाणी सकाळी

सापळा विकतच घ्यायला पाहिजे असं नाही. जुन्या डब्याचं पिवळं झाकण घ्या, एरंडेल लावा, कळीच्या उंचीला टांगा. निळ्या घमेल्याचा फुटका तुकडाही चालतो.

अवकाळी आला तर

मार्चमध्ये आपल्याकडं वळीव आणि गारा नव्या नाहीत. पाऊस थांबला की फांद्या हलवून मोहोरातलं पाणी झाडा, खाली पडलेला काळा मोहोर झाडून लांब टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद धरा. पावसानं थ्रिप्स धुऊन जातात खरे पण भुरी आणि करपा (मोहोरावर काळे डाग पाडणारी बुरशी) त्याच ओलीवर येतात, म्हणून कीटकनाशकाची घाई नको, बुरशीकडं बघा. माणचा, खटावचा माणूस म्हणंल आमच्याकडं पाऊसच नाही, तुमचं काय. तर दादा, तुमच्याकडं थ्रिप्स जास्त, कागद तुम्हालाच जास्त लागणार.

समजलंच नाही काय आहे तर सातारकरांना बोरगाव आणि कऱ्हाडजवळ कालवडे, सांगलीकरांना कांचनपूर, अशी कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथं विचारायला पैसे पडत नाहीत. जाताना मोहोराचा तुरा किंवा चार कळ्या झाकणाच्या बरणीत घालून न्या, सकाळी तोडलेल्या, किड्यांसकट. आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो टाकणाऱ्यांना एक विनंती, अख्ख्या झाडाचा लांबनं काढलेला नको. फोडलेल्या कळीचा जवळनं काढलेला पाठवा.