टॉमकॅटसाठी स्वतःचे छोटे कमांड-लाइन शेल कसे तयार करावे

बडोद्यातील दांडिया बाजारात एखादी मराठी संस्था आहे आणि तिच्या सर्व्हरवर अपाचे टॉमकॅट या जावा वेब-ॲप्लिकेशने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने ग्रंथसूची, सभासद-नोंदणी व सभागृहाचे आरक्षण अशी तीन ॲप्लिकेशने चालतात, असे धरून चालू. आरक्षणाचे पान अडकले की ते पुन्हा सुरू करण्यापुरते काम कार्यालयातील मंडळींनाही जमायला हवे. पण त्यासाठी सर्व्हरचा पूर्ण ताबा त्यांच्याकडे सोपवणे योग्य नाही. मोजक्याच आज्ञा ओळखणारे शेल, म्हणजे टाइप केलेली आज्ञा घेऊन ती पार पाडणारा प्रोग्राम, हा त्यावरचा चांगला उपाय असून पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणाऱ्या लायब्रऱ्यांवर (तयार कोडच्या संचांवर) ते तयार होते.

आधी टॉमकॅटची बाजू तयार करावी. टॉमकॅटबरोबर मिळणाऱ्या मॅनेजर ॲप्लिकेशनमध्ये साध्या मजकुरात उत्तरे देणारा एक विभाग असतो. टॉमकॅट-यूझर्स या एक्सएमएल फाइलमध्ये नवा वापरकर्ता नोंदवून त्याला फक्त ‘मॅनेजर-स्क्रिप्ट’ ही भूमिका द्यावी. ब्राउझरमधून वापरायची ‘मॅनेजर-जीयूआय’ भूमिका त्याच वापरकर्त्याला देऊ नये, कारण मजकूर विभागाला बनावट विनंत्यांपासूनचे संरक्षण नसते. मॅनेजर मुळात त्याच संगणकावरून आलेल्या विनंत्या स्वीकारतो. ही मर्यादा तशीच ठेवावी आणि घरून काम करणाऱ्याने एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या साधनाने) सर्व्हरवर येऊन शेल चालवावे. कारण मॅनेजरकडे ओळख पटवण्याच्या ‘बेसिक’ पद्धतीत पासवर्ड केवळ बेस-६४ या सहज उलगडता येणाऱ्या लिपीबदलात जातो, म्हणजे तो झाकलेला नसतो.

आता सांगाडा. पायथनच्या ‘सीएमडी’ या आज्ञा-शेल बनवण्याच्या मॉड्यूलमधील वर्गावरून (क्लासवरून) आपला वर्ग काढावा. त्यातील ज्या पद्धतीचे (मेथडचे) नाव ‘डू’ आणि अंडरस्कोरने सुरू होते, तिच्या नावाचा उरलेला भाग आज्ञा ठरतो, आणि तिच्या आरंभी लिहिलेले स्पष्टीकरण मदतीच्या आज्ञेला आपोआप दिसते. ‘यादी’, ‘थांबव’ अशा देवनागरी आज्ञा ठेवायच्या असतील, तर एक अडचण लक्षात घ्यावी: पायथन अशी नावे स्वीकारतो, पण हे मॉड्यूल आज्ञेत फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर ओळखते. त्यासाठी वर्गातील ‘आयडेंटकॅर्स’ या मालिकेत देवनागरी अक्षरे, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त चिन्ह यांची भर घालावी. मात्रा राहून गेल्या की आज्ञा मध्येच तुटते. एवढी खटपट करावी असे मला वाटते, कारण हे शेल वापरणारा माणूस प्रोग्रामर नसणार आहे.

टॉमकॅटशी बोलण्यासाठी पायथनचे ‘यूआरएललिब’ हे वेब-विनंत्या पाठवणारे मॉड्यूल पुरते. विनंतीला वेळेची मर्यादा घालावी, नाहीतर सर्व्हर अडकला असताना शेलही अडकून बसेल. पासवर्ड पायथनच्याच ‘गेटपास’ मॉड्यूलने विचारावा, म्हणजे तो पडद्यावर उमटत नाही. उत्तराची पहिली ओळ ‘ओके’ने सुरू झाली तर काम झाले आणि ‘फेल’ने सुरू झाली तर फसले, असे समजावे. यादीच्या प्रत्येक ओळीत ॲप्लिकेशनचा मार्ग, त्याची स्थिती, चालू सत्रांची (त्या वेळी ते वापरणाऱ्यांच्या जोडण्यांची) संख्या आणि फोल्डर हे विसर्गासारख्या दोन टिंबांनी विभागलेले असतात.

सर्वाधिक विचार सुरक्षिततेचा करावा. रिकामी ओळ देऊन एंटर दाबले, तर ‘सीएमडी’ मागची आज्ञा पुन्हा चालवते! यादीसाठी हे चालून जाईल, पण ‘थांबव’साठी नाही, म्हणून ‘एम्प्टीलाइन’ ही पद्धत काहीही न करणारी अशी पुन्हा लिहावी. ॲप्लिकेशन थांबवण्यापूर्वी त्याची चालू सत्रे दाखवून त्याचे नाव पुन्हा टाइप करायला लावावे. नुसत्या ‘हो’वर लोक न वाचता बोट ठेवतात. मॅनेजरची ‘अनडिप्लॉय’ ही आज्ञा मात्र या शेलमध्ये मुळीच घेऊ नये, कारण ती ॲप्लिकेशनचे फोल्डर आणि वॉर फाइलही (ॲप्लिकेशनची एकत्र बांधलेली फाइल) पुसून टाकते. ‘डू-शेल’ ही पद्धतही लिहू नये, म्हणजे उद्गारचिन्ह टाकून सर्व्हरच्या मूळ शेलमध्ये शिरण्याची वाट उघडत नाही.

कंट्रोल-डीने बाहेर पडता यावे यासाठी ‘ईओएफ’ (इनपुट संपल्याची खूण) या नावाच्या आज्ञेची पद्धत लिहून तिने ‘ट्रू’ परत करावे. हेच शेल एका आज्ञेपुरते चालवायचे असेल, तर ‘सीएमडी’ची ‘वनसीएमडी’ ही पद्धत वापरावी. परंतु तिचे परत येणारे मूल्य शेल थांबवायचे की नाही एवढेच सांगते, काम झाले की नाही हे सांगत नाही. त्यामुळे टॉमकॅटचे उत्तर वेगळे साठवावे आणि ते ‘फेल’ असल्यास प्रोग्राम शून्येतर अंकाने संपवावा.