ऑटोकॅडमध्ये हॅच कसा मारायचा: पायाच्या सेक्शनपासून टाइल्सपर्यंत

एच टाइप करा, एंटर मारा, आत क्लिक करा, झालं. हॅच म्हणजे ड्रॉइंगमधल्या बंद भागात, तिथं काय आहे ते ओळखू यावं म्हणून भरलेली नक्षी. क्लासमध्ये हॅच असा शिकवतात आणि तिथं तो बसतोही, कारण सरावाला दिलेला चौकोन सगळीकडून बंद असतो. ऑफिसात हातात येणारी फाइल तशी नसते. हॅचचं निम्मं काम हॅच कमांड द्यायच्या आधीच असतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

उदाहरणाला पायाचा सेक्शन, म्हणजे उभा छेद घेऊ. सांगली-मिरजेकडं, नदीकाठच्या पट्ट्यात तर फारच, काळी माती खोल असते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं पाया खाली कठीण मुरमापर्यंत न्यायचा आणि जोत्यात भराव बाहेरून आणलेल्या मुरमाचा करायचा ही इकडची नेहमीची पद्धत. म्हणजे एकाच सेक्शनमध्ये काळी माती, मुरूम, सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (साधं काँक्रीट), आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट) आणि वर वीट असं सगळं एकमेकाला चिकटून येतं, आणि हॅच गिचमिड झाला की मुरूम कुठं संपला आणि सोलिंग कुठं सुरू झालं हे मिस्त्रीला कागदावर दिसतच नाही.

आधी हॅचसाठी वेगळा लेयर करा, कलर ८ किंवा २५३ द्या आणि लाइनवेट सगळ्यात बारीक ठेवा. मग रेषा साफ करा. ओव्हरकिल मारून एकावर एक बसलेल्या रेषा काढून टाका, कोपरे फिलेट कमांडची रेडियस शून्य ठेवून जुळवा आणि जमेल तिथं प्रत्येक थराची बंद पॉलिलाइन, म्हणजे सलग जोडलेली एकच रेषा करा. पॉलिलाइन सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्ड पुढं येस आहे का बघायचं, दोन सेकंदांचं काम आहे.

आता एच, एंटर, आणि पिक पॉइंट्सनं थराच्या आत क्लिक. बाउंड्री सापडली नाही असा मेसेज आला तर वैतागून दहा ठिकाणी क्लिक करत बसू नका, मेसेज बंद करून ड्रॉइंगकडं बघा, नव्या व्हर्जनमध्ये जिथं टोकं जुळलेली नाहीत तिथं लाल गोल दिसतात. तिथं झूम करा, रेषा जोडा, आणि गोल तसेच राहिले तर रीजेन (ड्रॉइंग स्क्रीनवर नव्यानं काढणारी कमांड) मारा. फट अगदी बारीक असेल तर गॅप टॉलरन्स, म्हणजे एचपीगॅपटॉल, शून्याऐवजी ५ वगैरे करून हॅच बसतो खरा, पण ती सवय लावून घेऊ नका, कारण फट तिथंच राहते आणि पुढं कुणीतरी त्याच रेषांवरून एरिया काढायला जातो.

पॅटर्न निवडताना विटेला एएनएसआय३१, म्हणजे साध्या ४५ अंशांच्या तिरक्या रेषा, काँक्रीटला एआर-काँक, जमिनीला अर्थ, मुरमाला ग्रॅव्हल. सोलिंगलाही ग्रॅव्हलच चालतो, फक्त स्केल चांगला मोठा ठेवायचा म्हणजे दगड मुरमापेक्षा वेगळा दिसतो. बाजूला लेजंड, म्हणजे कुठला पॅटर्न कशाचा याची यादी द्या. इमारतीच्या ड्रॉइंगमधल्या खुणांसाठी आयएस ९६२ हे भारतीय मानक आहे, पण प्रत्येक ऑफिसची थोडी आपली रीत असतेच, आणि लेजंड असलं की भांडण राहत नाही.

स्केलपाशी सगळे अडकतात, आणि घोळ बहुतेक वेळा युनिटचा असतो. मिलिमीटरच्या ड्रॉइंगला ऑटोकॅड अकॅडआयएसओ नावाची पॅटर्न फाइल वापरतं आणि त्यात एएनएसआय३१ च्या दोन रेषांत ३.१७५ चं अंतर आहे. प्रिंट १:५० वर काढणार असाल आणि स्केल ५० ठेवला तर कागदावर रेषा ३ मिमीच्या आसपास अंतरावर पडतील. पण नऊ इंची भिंत, म्हणजे २३० मिमी, त्याच कागदावर ४.६ मिमीच दिसते, त्यात एवढा विरळ हॅच शोभत नाही, म्हणून स्केल २५ ठेवा. तीच फाइल मीटरमध्ये काढलेली असेल तर २५ चं ०.०२५ होतं. आणि एआर नं सुरू होणारे पॅटर्न खऱ्या मापाचे असतात, त्यांना मिलिमीटरमध्ये १ पासून सुरू करायचं आणि मीटरमध्ये ०.००१ पासून. इथंच लोक एआर-काँकला पण ५० देतात आणि मग पीसीसीच्या पट्टीत काहीच दिसत नाही म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. उलट बाजूनं स्केल फारच लहान पडला तर हॅच दाट काळा होतो किंवा मशीनच हँग होतं.

असोसिएटिव्ह चालू ठेवा, म्हणजे फूटिंगची (पायाच्या तळातल्या काँक्रीटची) रुंदी वाढवली की हॅच आपोआप सोबत सरकतो. हॅचनं रेषा किंवा अक्षरं झाकली तर हॅचटूबॅक कमांड द्या, सगळे हॅच एकदम मागं जातात.

टाइल्सला मात्र तयार पॅटर्न शोधत बसू नका. टाइपमध्ये यूजर डिफाइन्ड घ्या, स्पेसिंग ६००, अँगल शून्य, डबल चालू, झाली दोन बाय दोनची फरशी. खरी गंमत ओरिजिनमध्ये, म्हणजे नक्षी जिथून सुरू होते त्या बिंदूत आहे. हॉल ४.५० बाय ३.३० मीटरचा धरा, एका दिशेला ७ पूर्ण टाइल्स आणि ३०० मिमी उरतात, दुसरीकडं ५ आणि परत ३००, म्हणजे दोन्हीकडं अर्धा तुकडा येणारच. सेट ओरिजिन वापरून हॅच दाराच्या कोपऱ्यापासून सुरू केलात तर कटिंग समोरच्या भिंतीला, सोफ्याखाली जातं. नाहीतर टाइलवाला कटिंग त्याच्या सोयीनं कुठंही टाकणार. तोच हॅच सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये एरिया बघा, १४८५०००० चौरस मिमी येईल, १० लाखांनी भागलं की १४.८५ चौरस मीटर, म्हणजे साधारण १६० स्क्वेअर फूट. त्यावर वेस्टेज धरून ऑर्डर द्यायची. तीन-चार खोल्यांचे हॅच एकदम सिलेक्ट केले तर बेरीजही तिथंच मिळते.

सर्व्हेवाल्यांकडून आलेल्या फाइलची एक वेगळीच कटकट आहे. डीजीपीएसच्या (उपग्रहावरून अचूक जागा मोजणाऱ्या यंत्राच्या) यूटीएम कोऑर्डिनेटमुळं, म्हणजे नकाशावरच्या मीटरमधल्या स्थानांकांमुळं, ड्रॉइंग शून्य-शून्यपासून लाखो मीटर लांब बसलेलं असतं, आणि तिथं मारलेला हॅच वेडावाकडा दिसतो किंवा नुसता सॉलिड भरल्यासारखा होतो. अशा वेळी प्लॉट हलवायचा नाही, कोऑर्डिनेट बिघडतील. फक्त हॅचचा ओरिजिन प्लॉटच्याच एखाद्या कोपऱ्यावर सेट करा.

शेवटी प्रिंट. साइटवर रंगीत प्रिंट क्वचित पोचते, तिथं जाते ती ए३ ची झेरॉक्स, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. म्हणून आरसीसी सॉलिड काळा भरायचा मोह टाळा, त्यातलं स्टील आणि मापं दिसेनाशी होतात. फिका ग्रे सॉलिड किंवा विरळ एआर-काँक बरा. बाहेरून उतरवून घेतलेला पॅटर्न वापरला असेल तर समोरच्या ऑफिसात तो हॅच दिसेल, पण त्यांना तोच पॅटर्न नव्यानं मारायचा असेल तर त्या पॅटर्नची पॅट फाइलही (ज्यात पॅटर्नची व्याख्या असते ती) लागते, तेव्हा ती ड्रॉइंगसोबतच पाठवा.